थोरला, धाकटा आणि तुझी माय

दौलत, तू गेलास आणि तुझी माय रडली नाही. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही तिनं. तुला यवतमाळहून गावात आणलं, अंगणात ठेवलं, पांढरं कापड पांघरलं, बुद्धवंदना झाली. ती उंबऱ्याला पाठ टेकून बसली होती, ती तशीच बसून राहिली. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ती रडल्याशिवाय त्यांना रडता येईना. माणसं म्हणाली, काय धीराची बाई आहे. मला मात्र तो धीर वाटला नाही.

त्या दिवसापासून तिनं धड जेवण केलं नाही. कोणी भाकर पुढे केली की ताट बाजूला सारते आणि शेजारच्या लेकरांना हाक मारून त्यांना खायला बसवते. चोळीच्या बाह्या ढगळ झाल्यात तिच्या. बाभुळगावचा डॉक्टर आणला मी, त्यानं नाडी बघितली, डोळे बघितले आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की रोग काही नाही, बाईच्या छातीत गच्च भरून आहे, तिला रडवा, नाही तर ही काही तुमच्या हाती लागत नाही.

आणि हे सारं तुझ्यापायी. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. जिवंतपणी तू मला एकदाही शेवटचा शब्द घेऊ दिला नाहीस लेका, आता निमूट ऐक.

आपण खोली शोधत यवतमाळभर फिरलो होतो, आठवतं? तू कॉलेजात इंग्रजी शिकवणार होतास, मी हायस्कुलात मराठी. घरमालक आधी पगार विचारायचे, मग गाव, मग इकडचं तिकडचं बोलून शेवटी जात. तू शांतपणे ‘बौद्ध’ म्हणायचास आणि मालकाला एकदम आठवायचं की खोली त्याच्या साळ्यानं मागून ठेवली आहे. मी तांड्यावरचा बंजारा, माझं नाव हरसिंग ऐकूनही बऱ्याच जणांचे साळे निघाले. शेवटी एका शिंप्याच्या दुकानावरची खोली मिळाली. खाली मशीन खडखडायची, वर तू स्टोव्ह पेटवायचास आणि मी भांडी घासायचो, कारण तू घासलेल्या भांड्याला राख राहायची.

त्या खोलीत ते पुस्तक आलं. नागपूरच्या रद्दीवाल्याकडून तू उचललेलं, जाडजूड, इंग्रजी, कव्हर नाही, पहिली पानं नाहीत. पश्चिमेकडच्या साहित्यसमीक्षेचं सारं घराणं त्यात होतं, ग्रीकांपासून गेल्या शतकापर्यंत. सुरुवातच मुळी एका म्हाताऱ्या ग्रीकाच्या अर्ध्या वाक्यापासून. त्याला आणि त्याच्या शिष्याला आपण कधी नावानं हाक मारली नाही. गुरूला थोरला म्हणायचो, शिष्याला धाकटा. शिंप्याला बरेच दिवस वाटत होतं की आपण आपल्याच नात्यातल्या कोण्या भांडखोर भावांबद्दल बोलतो.

थोरल्यानं मनातल्या मनात एक नगर वसवलं आणि कवीला मानानं हार घालून वेशीबाहेर नेऊन सोडलं. त्याचं म्हणणं, डोळ्यांना दिसतं ते जगच मुळात खऱ्याची नक्कल, आणि कवी नकलेची नक्कल करतो. वर माणसाला हळवं करतो. घरच्या दुःखात तोंड आवरणारा शहाणा माणूस नाटकाला जाऊन बसतो, दुसऱ्याच्या शोकात मनमुराद लोळतो, आणि स्वतःवर वेळ आली की त्याला आवरत नाही. धाकटा त्याच्याच पायाशी शिकला आणि त्याच्यावरच उलटला. नकलेला नावं काय ठेवता, म्हणाला, लेकरू नक्कल करूनच तर शिकतं. आणि शोकाचं नाटक बघताना मनात भीती दाटते, दया दाटते, आणि दाटून निचरून जाते. माणूस बिघडत नाही, स्वच्छ होतो. दोन हजार वर्षं झाली, पश्चिमेतले सगळे समीक्षक ह्या दोघांच्या भांडणात साक्षीला उभे आहेत, असं तू वर्गात सांगायचास.

तू थोरल्याचा, मी धाकट्याचा. मला आधी वाटलं, तुझा निव्वळ हट्ट आहे. इंग्रजीचा मास्तर, आणि कवींना हाकलणाऱ्याची बाजू घेतो, काय म्हणावं ह्याला. मग एका सकाळी स्टोव्हला पंप मारता मारता तू म्हणालास,

“तुले गोष्ट गोड लागते हरसिंग, कारण गोष्टीत तू खाली नाहीस. आमच्या लोकाईले कोणी मारून खाली बसवलं नाही. गाऊन बसवलं. गाणं कानातून आत जाते तवा अकलेले विचारत नाही. थोरल्याले हे समजलं होतं.”

मी हातातलं पातेलं घासत राहिलो.

छप्पन साली तू नागपूरहून दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यांत परतलास तेव्हा आपली ओळख व्हायची होती. ते सारं मला मायनंच सांगितलं, एकदा मी तुझ्याबरोबर गावी गेलो तेव्हा. तू घरातले देव काढा म्हणालास आणि तिनं काढले. टोपलीत घातले आणि तुझ्या बापाबरोबर जाऊन बेंबळा नदीच्या पाण्यात सोडून आली. परत येऊन देवळी सारवली, तिथं दिवा आणि तांब्या ठेवला. तुला एका शब्दानं विचारलं नाही. पोरगा शिकलेला आहे, तो बोलतो त्यात आपलं भलं आहे, हे तिला पक्कं होतं, आणि ते खरंही होतं.

पण तू तिथं थांबला नाहीस. मायचा गळा साऱ्या पंचक्रोशीत ठाऊक होता. कुठं मयत झाली की तिला बोलावणं यायचं. ती जायची, घरधनिणीच्या गळ्यात हात टाकायची आणि सूर लावायची. मेलेल्याचे गुण, त्याच्या खोड्या, त्याचं अर्धं राहिलेलं काम, सगळं जागच्या जागी जुळवून गायची, आणि मग कपाळी असलं लिहिणाऱ्या सटवीला आणि न्यायला आलेल्या मरीमायला अशा शिव्या घालायची की ऐकणाऱ्यांचा बांध फुटायचा. तू निंबाखाली सभा घेतलीस. म्हणालास, आपण सटवी सोडली, मरीमाय सोडली, आता त्यांना शिव्या तरी कोणत्या तोंडानं देता? मरणाला कारण असतं, रोग असतो, नसलेलं औषध असतं. हे रडणं नाही, हे आपल्याला रडत ठेवणं आहे. ह्यापुढे मयतीला शांतता राहील आणि वंदना होईल. सारे पोट्टे तुझ्या बाजूनं. बायका मायकडे बघू लागल्या, आणि माय म्हणाली, दौलत म्हणते तसं.

पुढच्याच वर्षी तुझा बाप गेला. माय रडली नाही. गावानं तुझी तारीफ केली आणि तू ही गोष्ट मला किती अभिमानानं सांगायचास बाप्पा. थोरल्याचं नगर तुला तुझ्याच अंगणात दिसलं होतं.

मी काय कमी भांडलो? माझ्या बहिणीच्या लग्नाला तुला तांड्यावर नेलं ते मुद्दामच नेलं. आमच्यात नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडता रडता गाते, त्याला ढावलो म्हणतात. ते शिकावं लागतं. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया पोरीला घेऊन बसतात, सूर कुठं ओढायचा, हुंदका कुठं घ्यायचा, बापासाठी काय म्हणायचं, भावासाठी काय. तू ते ऐकून खो खो हसलास. रडण्याची तालीम, म्हणालास, अरे ह्याच्यासाठीच तर थोरल्यानं हाकललं तुम्हाला. मी म्हटलं, शिकलेलं आहे म्हणून खोटं कसं? तू बोलतोस ती भाषासुद्धा शिकलेलीच आहे. मग माझी बहीण माझ्या गळ्यात पडली, आणि माझ्यानंतर तुझ्या. तुझ्यासाठी तिनं उभ्या उभ्या दोन ओळी जुळवल्या, की परका भाऊ यवतमाळहून आला आणि माझ्या भावाला वाद घालून घालून वाळवलं त्यानं. सगळे हसले. तू बैल सोडून उभ्या केलेल्या खाचराच्या मागे गेलास आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस. आलास तेव्हा डोळे लाल होते, आणि म्हणे धूळ गेली.

ते पुस्तक आपण पुढे सरकवत राहिलो. एक रोमन भेटला, त्यानं तडजोड काढली की काव्य गोडही असावं आणि शहाणपणाचंही. तू म्हणालास, हा शाळेचा इन्स्पेक्टर दिसते. मग मठांमधली लांबच लांब शतकं, गोष्टीला धर्माची चाकर करणारी. मग नाटकाला वेळेचे आणि जागेचे नियम लावणारे फ्रेंच. मग तो जन्मभर गाव न सोडलेला जर्मन, ज्यानं सांगितलं की सौंदर्याचा न्याय करणाऱ्याला त्या वस्तूकडून काही नको असावं. त्यावर तू इतका भडकलास की चहा थंड झाला. ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच हे जमते, म्हणालास. मला तुझं हे फार आवडायचं. वर्गात ह्या लोकांची नुसती नावं पाठ करून घेणारे पुष्कळ आहेत. तू त्यांना जिवंत माणसांसारखं धरून विचारायचास की तुम्ही आमच्या गावात आलात तर काय म्हणाल. कोणी असं करणारा मला पुन्हा भेटणार नाही, आणि मला तो भेटायलाही नको.

आणि मग नेरचा तो दिवस. पुन्हा एकदा तांड्यावर जाऊन परत निघालो होतो आणि एस्टी यायचं नाव घेत नव्हती. स्टँडवर आपण दोघं पेटीवर बसलो होतो. तू सकाळपासून गप होतास, आणि तू गप म्हणजे नवलच. मग सांगितलंस की पोळ्याला गावी गेला होतास, वावरात बायका निंदत होत्या आणि सगळ्या गात होत्या, एकटी माय गप. तू विचारलंस तर एक बाई म्हणाली, तिनं गाणं सोडलं, तुझ्या बापाच्या मयतीपासून.

“म्या तर फक्त मयतीचं बंद केलतं,” तू म्हणालास. “बाकीचं तिनं काहून सोडलं, हरसिंग? मले तवा वाटलं माय किती मोठी झाली. आता वाटते, म्या तिच्या तोंडावर हात ठेवला.”

मी म्हटलं, म्हणजे धाकटा जिंकला. तू माझ्याकडे असं बघितलंस की मला माझ्याच बोलण्याची शरम वाटली. तू म्हणालास, दिवाळीच्या सुट्टीत घरी जातो आणि मायला सांगतो की तू गा, तुला जसं रडायचं तसं रड, माझं चुकलं. एवढंच बोलणं झालं, तेवढ्यात एस्टी आली.

दसऱ्याच्या आधी तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणजे काय, उसाचा रस प्यायचा, पथ्य पाळायचं, आठवडाभरात उठायचं, असंच आपण धरून चाललो. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी ते पुस्तक वाचायचो आणि तू डोळे मिटून माझे इंग्रजी उच्चार सुधारायचास. मी विचारलं, मायला बोलावू का? तू म्हणालास, सुट्टीत जातोच आहे ना, कायले तिला धावडवतो. त्यानंतर मला पुन्हा विचारवलं नाही. बोलावणं धाडलं असतं तर तू उठणार नाहीस हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते तूही करत नव्हतास. मग एका दुपारी तू माणसं ओळखेनासा झालास. पुढचं काय लिहू? सुट्टी लागली आणि तू गावी गेलास खरा.

सगळं आटोपल्यावर, मयतीनंतरच्या जलदानविधीच्या दिवशी, मी मायजवळ बसलो आणि नेरच्या स्टँडवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. दौलतचं मन बदललं होतं माय, तो तुला सांगायला येणार होता, तू आता रड. तिनं सारं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्यानं मले सांगतलं असतं.” बस. तिला वाटलं मी तिच्या जिवासाठी गोष्ट रचतो आहे. आयुष्यभर गोष्टीची बाजू घेतली, त्याचं हे फळ मिळालं मला. मी शपथ घेतली, तांड्यावरच्या माझ्या याडीची, माझ्या आईची घेतली, तरी नाही. दर रविवारी जात राहिलो, दर रविवारी तेच. दर खेपेला ती आणखी वाळलेली.

काल पुन्हा गेलो. दुपारची वेळ, ती कुडाजवळ सावलीत बसली होती. माझा धीर सुटला. मी तिच्यावर ओरडलो, दौलत. तुझ्या मायवर ओरडलो. म्हटलं, त्याच्या एका शब्दासाठी जीव देणार आहेस काय? तो येऊन सांगणार नाही आता. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

“त्याच्या शब्दासाठी नाही रे. म्या बसते रोज, सूर लावाले. पण बोलू कोनाले? पहिले सटवीले बोलत होती, तिनं लिवलं म्हनून. मरीमायले बोलत होती. आता त्या नाहीत. दौलतनं सांगतलं, नाहीत, अन् ते खरं हाये, मले पटलं हाये. मंग कोनाचे डोळे फुटले म्हनू? काविळीले बोलू काय?”

थोरला आणि धाकटा दोघंही तोंडात बोट घालून उभे राहिले असते. ती तुझी बंदी पाळत नव्हती. तिला तुझं म्हणणं पटलं होतं, शेवटापर्यंत, तुझ्याहून जास्त. तू तिच्या गाण्यातून ज्यांना काढलंस ती जागा तशीच मोकळी होती, आणि त्या मोकळ्या जागेशी भांडता येत नाही माणसाला. हे मला सुचायला पाहिजे होतं, तुला तर नक्कीच. शिकवलेलं सगळं कुठं गेलं होतं आपलं?

मी म्हटलं, “दौलतले बोल माय. तो तर होता ना. मी तर त्यालेच बोलून राह्यलो रोज.”

मग तुझं लहानपणचं नाव घेऊन हाक मारली तिनं, दौलत्या, असं, जणू तू वेशीपाशी खेळतो आहेस. साध्या आवाजात बोलायला लागली. येतो म्हणालास आणि आलास तर खांद्यावर आलास. देव मागितलेस, दिले. गाणं मागितलंस, दिलं. बापाला रडू नको म्हणालास, रडली नाही. आणखी काय पाहिजे होतं तुला? बोलता बोलता आवाजाला ओढ लागली, ओढीला सूर लागला, आणि ती गायला लागली. मी तिचं गाणं आजवर कधी ऐकलं नव्हतं, दौलत. नुसतं तुझ्या तोंडून ऐकलं होतं की असं असं होतं. दूध पिताना तू तिला कसा चावायचास, पाटीला कसा थुंका लावायचास, माझे उच्चार, शिंप्याची खोली, मी कधीतरी सांगितलेलं सगळं तिनं त्यात ओवलं, आणि प्रत्येक कडव्याला तुला इतकं फाडून बोलली की मला वाटलं, आता तू उठून उत्तर देशील. घराघरातून बायका धावत आल्या. इतके दिवस कोंडलेल्या त्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मीही रडलो, मोठमोठ्यानं, मास्तर आहे हे विसरून. दिवेलागणीपर्यंत चाललं.

मग थांबलं. बायकांनी तोंडं धुतली, नाकं पुसली, कोणीतरी काही बोललं आणि दोघीजणी हसल्यासुद्धा. घरोघर गेल्या. माझी छाती मोकळी झाली होती. महिनाभर मानेवर बसलेलं ओझं उतरलं होतं आणि संध्याकाळचा वारा अंगाला गोड लागत होता. धाकट्यानं सांगितलं तसं, अगदी अक्षरशः तसं. मी मनात म्हटलं, जिंकलो, आता ही जगते. आणि वळून मायकडे बघितलं.

ती तशीच होती. डोळे सुजलेले, गळा बसलेला, आणि बाकी सारं दुपारी होतं तसं. मला विचारलं, “झालं? आता काय करू?”

दौलत, धाकटा बसलेल्यांबद्दल बोलला रे. नाटक बघून घरी जाणाऱ्यांबद्दल. जिचं पोर गेलं तिच्याबद्दल त्यानं एक ओळ लिहिलेली नाही, मी पुन्हा पुन्हा पानं चाळली, नाही. आणि दुसऱ्याच्या शोकात लोळून गोड वाटून घेतात लोक, हे थोरल्यानं कोणाबद्दल म्हटलं होतं ते मला काल कळलं. तू असतास तर ह्यावर आपण महिनाभर भांडलो असतो. तू जिंकला असतास. चालेल, तू जिंक, पण मला सांग मी तिचं काय करू. कोणत्याच पुस्तकात नाही हे. मी काय करू?

तिनं चूल पेटवली. मला वाटलं, जेवते वाटतं. हातपाय धुऊन आलो तर तिनं एकच ताट मांडलेलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर कच्चा कांदा. म्हणाली, तू जेव, मी मागून खाईन. तू गेल्यापासून माझ्याही घशाखाली घास नीट उतरत नव्हता. काल उतरला. मला भूक लागली होती, दौलत, सपाटून लागली होती. ती समोर बसून मला जेवताना बघत होती. माझी भाकर संपली तशी तिनं विचारलं, आणखी घेतं काय, आणि मी ताट पुढे केलं.